फिल्टर सगळ्यात शेवटी: चौदा बाय साडेदहाच्या खोलीचं रूम करेक्शन

रूम करेक्शन म्हणजे खोलीमुळे स्पीकरच्या आवाजात होणारी गडबड मोजायची आणि सामान हलवून, शेवटी फिल्टर लावून ती दुरुस्त करायची. खोली ४.३ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद, २.८५ मीटर उंच. आरसीसी स्लॅब, प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सापडेल अशी. स्पीकर आखूड भिंतीकडे, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. उजवीकडे बाल्कनीचं सरकतं दार असल्यामुळे सगळी मांडणी डावीकडे ढकललेली: डावा स्पीकर बाजूच्या भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर, उजवा त्याच डाव्या भिंतीपासून २ मीटर ५ सेंटिमीटरवर. स्पीकर साडेसहा इंची वूफरचे, मागे पोर्ट (बेसला मदत करणारी हवेची नळी) असलेले, पोर्ट ४५ हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेला. अँप्लिफायर ६० वॉटचा. संगीत रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मूड ऑडिओ या प्लेयरमधून वाजतं, तिथेच कॅमिलाडीएसपी हे फिल्टर लावणारं सॉफ्टवेअर चालतं, पुढे यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अॅनलॉग करणारं उपकरण.

तक्रार एकच होती. डग्गा घुमतो, आणि गायकाची पट्टी काळी १ असली की तानपुऱ्याचा खर्ज डावीकडून अंगावर येतो. पांढरी ४ च्या गाण्यात तोच तानपुरा शहाण्यासारखा मागे बसतो. याचं कारण ध्वनिमुद्रणात नाही, हे मोजपट्टीनेच कळतं.

दोन समांतर भिंतींमध्ये येरझारा घालत लाट ज्या वारंवारतेला घुमते तो खोलीचा मोड. पहिल्या मोडची वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट. २६ अंशांना वेग सेकंदाला ३४७ मीटर धरला तर लांबीचा पहिला मोड ४०.३ हर्ट्झ, रुंदीचा ५४.२, उंचीचा ६०.९. त्यांच्या पटीतले पुढचे: ८०.७, १०८.४, १२१.८. लांबी-रुंदीचा संयुक्त मोड म्हणजे ४०.३ आणि ५४.२ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ६७.५ हर्ट्झ. आता काळी १ चा षड्ज १३८.६ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार ६९.३. खर्जाचा मूळ सूर तसा क्षीणच असतो, वरचे स्वरांश ठळक असतात. पण खोलीने त्याच सुराला सात डेसिबल उचलून धरलं तर तो क्षीण राहत नाही. पांढरी ४ चा खर्ज ८७ च्या वर जातो, तिथे खोली गप्प असते.

खोलीची उंची मोजताना फॉल्स सीलिंगपर्यंत मोजू नका, स्लॅबपर्यंत मोजा. एवढ्या खालच्या सुरांना जिप्समचा पातळ बोर्ड जवळजवळ पारदर्शक असतो.

मोजमापासाठी यूमिक-१ हा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड, हे मोफत सॉफ्टवेअर. माइकच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या साइटवर त्याच नगाच्या दोन कॅलिब्रेशन फाइल मिळतात: एक माइक स्पीकरकडे रोखून धरण्यासाठी, दुसरी, नावात नव्वद अंश असलेली, माइक छताकडे करण्यासाठी. फाइल एका दिशेची आणि माइक दुसऱ्या दिशेला, ही नेहमीची चूक. बेसला तिचा फरक पडत नाही, पण वरच्या टोकाला काही डेसिबलची खोटी घसरण किंवा खोटा चढ दिसतो आणि माणूस ट्वीटरला दोष देत बसतो. मी माइक छताकडे ठेवला, कारण नंतर तो सोफ्याभोवती फिरवायचा होता आणि फिरवताना दिशा बदलायला नको होती.

विंडोजमध्ये दोन गोष्टी आधी तपासायच्या. माइकची पट्टी १०० वर हवी, कारण डेसिबलचा आकडा आरईडब्ल्यू कॅलिब्रेशन फाइलमधल्या संवेदनशीलतेवरून काढतं. पट्टी ७० वर असली तर आकडा खोटा येतो. आणि ध्वनी ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद. आवाज समतोल करणारा पर्याय चालू राहिला तर स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा मोजमापाचा सूर, वाजत असतानाच लॅपटॉप आवाज वरखाली करतो आणि आलेख बघून डोकं फिरतं. प्लेबॅक आणि माइक दोन्हीला ४८ किलोहर्ट्झ.

स्वीप २५६के लांबीचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला साडेपाच सेकंद, १० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, उणे १२ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली), बसायच्या जागी ७५ डेसिबल. पंखा बंद. पंख्याची घरघर खालच्या भागात मिसळतेच, शिवाय फिरती पाती परावर्तनं हलवतात आणि ट्रेबलचा आलेख दर वेळी वेगळा येतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट पाहायची. शेजारचा कुकर मात्र आपल्या हातात नसतो. शिटी मध्ये आली की ते मोजमाप फेकायचं. स्वीपची लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबल मिळतात, त्यामुळे रस्त्यावरच्या घरात १एमचा, २२ सेकंदांचा स्वीप लावावा. पण तो २२ सेकंद शांतता मागतो, हीच त्याची अडचण.

पहिलं काम एकाच जागी, काही न हलवता, दोन स्वीप. दोन रेषा २०० हर्ट्झच्या खाली अर्ध्या डेसिबलच्या आत एकमेकींवर बसल्या तरच पुढे जायचं. माझ्या बसल्या, फक्त ५२ ते ५८ च्या पट्ट्यात बसेनात, आणि तिथेच विकृतीच्या आलेखात सुळका. आरईडब्ल्यूच्या जनरेटरमधून ५० ते ६० हर्ट्झचा शुद्ध सूर हळूहळू फिरवला आणि खोलीभर हात लावत हिंडलो. शोकेसच्या सरकत्या काचा. पोस्टकार्डाची घडी रुळात खोचली, सुळका गेला. ही झणझण कुठल्याही फिल्टरने जात नाही, आणि गाणं लावून ती सापडतही नाही, कारण ती वाद्याच्या आवाजात लपते.

मग डावा, उजवा आणि दोन्ही मिळून, असे तीन स्वीप. अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू ठेवला की प्रत्येक स्वीपआधी ठरलेल्या स्पीकरमधून उंच सुरांची एक छोटी किंकाळी येते. तिच्यावरून दोन स्पीकरच्या अंतरातला फरक कळतो. १ मिलिसेकंद म्हणजे ३४.७ सेंटिमीटर. माझ्याकडे ०.२६ मिलिसेकंदाचा फरक आला, डावा ९ सेंटिमीटर लांब. सॉफ्टवेअरमध्ये डिले घालता आला असता, पण स्टँड सरकवणं सोपं आणि कायमचं.

कच्चे आलेख असे होते. लांबीच्या ४० हर्ट्झला मधल्या सुरांच्या पातळीपेक्षा १३ डेसिबलचा फुगवटा, दोन्ही स्पीकरला सारखाच. ८१ ला आणखी एक. १२१ ला तिसरा, तो भलता रुंद, कारण लांबी उंचीच्या जवळजवळ बरोबर दीडपट असल्यामुळे लांबीचा तिसरा मोड (१२१.०) आणि उंचीचा दुसरा (१२१.८) एकमेकांवर बसतात. खोली बांधताना हे कुणी बघत नाही, अर्थातच. ५४ आणि ६७.५ ला मात्र गंमत होती: डाव्या स्पीकरला फुगवटा, उजव्याला त्याच जागी उथळ खड्डा. रुंदीच्या मोडमध्ये खोलीच्या मध्यरेषेच्या एका बाजूला दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या बाजूला कमी होतो. डावा भिंतीलगत, उजवा मध्यरेषेच्या पलीकडे. म्हणून एक मोडला हवा देतो, दुसरा त्याच्या विरुद्ध ओढतो. मांडणी मधोमध असती तर दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं असतं. खर्ज डावीकडून का येतो त्याचं उत्तर इथे मिळालं.

आणि ९६ हर्ट्झला १४ डेसिबलचा खड्डा. हा मोड नव्हे. स्पीकरचा पुढचा पृष्ठभाग त्याच्या मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर होता. भिंतीवरून परतलेली लाट अर्धी तरंगलांबी उशिरा येते आणि सरळ आलेल्या लाटेला मारते. सूत्र: वेग भागिले अंतराची चौपट. ३४७ भागिले ३.६, बरोबर ९६.

फिल्टर लावायची खाज इथे सुटते. आधी सामान हलवायचं.

सोफा भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे घेतला. डोकं आधी मागच्या भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर होतं, आता ७५ वर. ४० हर्ट्झचा फुगवटा जेमतेम सव्वा डेसिबलने उतरला. पहिला मोड भिंतीपासून फार हळू कमी होतो. तो घालवायचा तर खोलीच्या बरोबर मध्यावर बसावं लागेल, जिथून घरातली माणसं ये-जा करतात आणि जिथे ४० हर्ट्झ पूर्ण नाहीसाच होतो. ८१ चा मात्र साडेसहा डेसिबलने उतरला, आणि १२१ मधला लांबीचा वाटा जवळपास संपला, उंचीचा तेवढा उरला. साठ सेंटिमीटरमध्ये दोन फिल्टर वाचले.

स्पीकर भिंतीकडे ढकलले, ९० वरून ५५ सेंटिमीटरवर. पेटीची खोली ३० आहे, म्हणजे पोर्टच्या मागे २५ उरले, तेवढे पुरतात. खड्डा ९६ वरून १५८ ला गेला आणि ६ डेसिबलपुरताच राहिला, कारण वरच्या सुरांना पेटी मागे कमी आवाज फेकते. किंमत अशी की स्पीकर भिंतीजवळ गेल्याने ४० हर्ट्झचा मोड जास्त जोरात छेडला जातो: सोफ्याने कमावलेला सव्वा डेसिबल स्पीकरने घालवला. पुन्हा तेराच. तरी सौदा फायद्याचा, कारण फुगवटा फिल्टरने कापता येतो.

खड्ड्याबद्दल इथे थोडं थांबतो. ‘खड्डा ईक्यूने (वारंवारतेनुसार पातळी बदलणाऱ्या फिल्टरने) भरतच नाही’ असं सरसकट सांगितलं जातं. गणित तसं म्हणत नाही. सरळ लाट आणि परतलेली लाट दोन्ही १० डेसिबलने वाढवल्या तर त्यांची बेरीजही १० नेच वाढते. माइकच्या जागी खड्डा तेवढा भरलेला दिसतो. अडचण वेगळी आहे. १४ डेसिबल म्हणजे २५ पट पॉवर. जिथे १ वॉट पुरत होता तिथे २५, आणि संगीतातल्या आघातांना आणखी १० डेसिबल धरले तर २५० वॉट; अँप्लिफायर ६० चा. शिवाय खड्डा एका बिंदूचा असतो आणि बूस्ट सगळ्या खोलीला मिळतो. डोकं जरा हललं, खड्डा उथळ झाला की तोच बूस्ट उघडा पडतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला ९६ हर्ट्झचा नवा ढोल ऐकू येतो. म्हणून भरायचा नाही. भरत नाही म्हणून नव्हे.

टाइल्सवर जाड गालिचा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आल्यावर खोलीचा निनाद मधल्या सुरांत ०.७ सेकंदांवरून ०.४५ वर आला. बेसला याचा काडीचा उपयोग नाही. ४० हर्ट्झची पाव तरंगलांबी २ मीटर १७ सेंटिमीटर. १० सेंटिमीटर रॉकवुलचे पॅनल तिथे काही करत नाहीत. पण त्या ०.४५ वरून एक महत्त्वाचा आकडा निघतो. श्रोडर वारंवारता म्हणजे २००० गुणिले (निनादाचा काळ भागिले खोलीचं घनफळ) याचं वर्गमूळ. घनफळ ३९.२ घनमीटर, उत्तर साधारण २१४ हर्ट्झ. याच्या खाली खोलीचे सुटे मोड राज्य करतात, वर ते इतके दाटतात की वेगळे राहत नाहीत. माझी सगळी दुरुस्ती २५० च्या खाली ठेवायचं ठरलं ते यावरून.

वरच्या भागात हात न घालण्याचं कारण व्यवहारी आहे. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटर. माइक बोटभर सरकला की तिथला आलेख बदलतो. माइकला सरळ आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज यांची बेरीज कळते. कान त्या दोन गोष्टी बऱ्यापैकी वेगळ्या ऐकतो. एकदा पडताळा म्हणून २० किलोहर्ट्झपर्यंत आपोआप जुळवून पाहिलं. आलेख शाळेच्या पट्टीसारखा सरळ आला आणि गाणारा सर्दी झाल्यासारखा. ज्यांच्याकडे एव्ही रिसीव्हरमध्ये ऑडिसी ही आपोआप रूम करेक्शन करणारी सोय आहे त्यांनी मोबाइल अॅपमधून दुरुस्तीची वरची मर्यादा ३०० ते ५०० वर आणून ऐकावं. डिरॅक या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम आलेखाच्या दोन्ही बाजूंचे पडदे सरकवून होतं.

फिल्टरसाठी एका बिंदूचं मोजमाप पुरत नाही. डोक्याच्या जागी एक आणि तिच्याभोवती साधारण ५० सेंटिमीटरच्या चौकोनात सहा, अशी प्रत्येक स्पीकरची सात मोजमापं घेऊन सरासरी काढली. सरासरी पातळ्यांची घ्यायची, फेजसकट (लाटेचा चढउतार कधी येतो त्यासकट) नव्हे. फेजसकट घेतली तर वरच्या भागात बिंदू-बिंदूंची आपसात वजाबाकी होते. दुसरी पद्धत हलत्या माइकची: ठरावीक आवर्तनाचा पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला खरखराट) वाजवायचा, आरईडब्ल्यूच्या आरटीएमध्ये, म्हणजे चालू आवाजाचा आलेख काढणाऱ्या खिडकीत, ६४के एफएफटी, रेक्टँग्युलर विंडो, सरासरी न थांबणारी, आणि मिनिटभर माइक डोक्याभोवती संथ फिरवायचा. आपण मागे उभं राहायचं, माइक आणि स्पीकरच्या मध्ये नाही. दोन्ही पद्धती १०० ते ३०० मध्ये एका डेसिबलच्या आत जुळल्या. हलत्या माइकने वॉटरफॉल, म्हणजे आवाज काळानुसार कसा विझतो त्याचा आलेख, मिळत नाही, म्हणून मोडसाठी स्वीपच.

आता लक्ष्यरेषा, म्हणजे दुरुस्तीनंतर आलेख जसा यायला हवा ती रेषा. खोलीत बसायच्या जागी सपाट रेषा मागितली की संगीत अशक्त वाटतं. चांगला स्पीकर साध्या खोलीत ठेवला की बेसकडून ट्रेबलकडे हलका उतार आपसूक येतो. ब्रुएल अँड केअरने १९७४ मध्ये सुचवलेली घरगुती लक्ष्यरेषाही तशीच उतरती होती. मी १०० हर्ट्झपासून खाली चढत ४० ला ४ डेसिबल एवढं ठेवलं. फुगवटा १३, लक्ष्य ४, म्हणजे कापायचे ९. बेसचा भरीवपणा खोलीने फुकट दिलाच आहे, तो फक्त मापात आणायचा. बूस्ट कुठेच लागत नाही.

आरईडब्ल्यूच्या ईक्यू खिडकीत जुळवणीचा पट्टा ३० ते २५०, प्रत्येक फिल्टरचा जास्तीत जास्त बूस्ट ०, एकूण बूस्टही ०. हे शून्य विसरलं तर सॉफ्टवेअर निरागसपणे ३३ हर्ट्झला ६ डेसिबल वाढवून देतं. ४५ ला ट्यून केलेल्या पोर्टच्या पेटीत ३३ हर्ट्झला कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता आतबाहेर फडफडतो. आवाज वाढत नाही, वूफर मात्र मरतो.

सगळ्यात जास्त चुका क्यूच्या आकड्यात होतात. शिखर किंवा फिल्टर जितका अरुंद तितका क्यू मोठा. वॉटरफॉलमध्ये आणि शिखराच्या रुंदीवरून ४०.३ च्या मोडची ३ डेसिबल खालची रुंदी ३.४ हर्ट्झ निघाली. क्यू म्हणजे ४०.३ भागिले ३.४, साधारण १२. हा मोड विझायला लागणारा काळ, ६० डेसिबल उतरेपर्यंत, २.२ भागिले रुंदी: ०.६५ सेकंद. डग्ग्याचा घुमारा म्हणजे हीच ०.६५ सेकंदांची शेपटी. आता फिल्टरलाही १२ घालावेत असं वाटतं, आणि तिथेच गोची. कॅमिलाडीएसपी वापरतं त्या प्रकारच्या पीकिंग फिल्टरमध्ये (एकाच वारंवारतेभोवती कापणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या) कट जेवढा खोल तेवढा फिल्टरचा आतला ‘शून्या’चा, म्हणजे मोडला रद्द करणाऱ्या भागाचा, क्यू लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त होतो. उणे ९ डेसिबलसाठी तो गुणक १० चा उणे ९/४० वा घात, म्हणजे ०.५९६. मोडच्या १२ ला नेमकं मारायचं तर लिहायचा क्यू १२ गुणिले ०.५९६, साधारण ७.२. असं जुळलं की मोडची जागा एका कमी क्यूच्या अनुनादाला मिळते: ७.२ गुणिले ०.५९६, म्हणजे ४.३, आणि शेपटी ०.६५ वरून ०.२३ सेकंदांवर यायला हवी. प्रत्यक्ष मोजमापात ती ०.३ च्या आसपास थांबली, कारण सात बिंदूंच्या सरासरीला कुठलाच एक बिंदू तंतोतंत जुळत नाही.

सरळ १२ लिहून पाहिले होते. मधोमध काप बसला आणि दोन्ही बाजूंना, ३८ आणि ४३ च्या आसपास, दोन कान उभे राहिले. आलेख बरा दिसतो, शेपटी तशीच राहते. याच कारणासाठी आरईडब्ल्यूमध्ये आपलं उपकरण यादीतून नीट निवडायचं. सगळ्या कंपन्यांची क्यूची व्याख्या एक नाही, आणि एका उपकरणाचे आकडे दुसऱ्यात घातले की हेच कान येतात.

शेवटी डाव्या चॅनेलला चार फिल्टर: ४०.३ हर्ट्झ उणे ९ क्यू ७.२, ५४.२ उणे ४ क्यू ८, ६७.५ उणे ५ क्यू ९; १२१.८ उणे ३.५ क्यू ६. उजव्याला तीन: ४०.३ आणि १२१.८ डाव्यासारखेच, शिवाय १९० ला उणे २.५ क्यू २ चा रुंद काप. लांबीचा मोड दोघांना समान असल्यामुळे त्याचा फिल्टर दोन्हीकडे हुबेहूब सारखा ठेवायचा, एका दशांशाचाही फरक नको. नाहीतर बेसमध्ये दोन चॅनेलची फेज वेगळी पडते आणि बेरीज अंदाजाप्रमाणे येत नाही. ६७.५ चा काप फक्त डावीकडे घातल्यावर दोन्ही स्पीकर मिळून पुन्हा मोजावंच लागतं. डाव्याला ५ कापले, बेरजेत ३ उतरले.

कॅमिलाडीएसपीच्या फाइलमध्ये हाताने लिहिणार असाल तर ओळी स्पेसने आत सरकवा, टॅबने नाही. एक टॅब राहिला की फाइल नाकारली जाते आणि संदेशावरून चट्कन उमगत नाही. पाइपलाइनमध्ये आधी गेन, मग फिल्टर. सगळे कटच असताना गेन कशाला, असा प्रश्न येतो. फिल्टर फेज फिरवतो, त्यामुळे लाटेतली शिखरं वेगळ्या ठिकाणी जमतात आणि कट करूनही एखादं शिखर मूळ कमालीच्या वर जाऊ शकतं. उणे ३ डेसिबल ठेवले. २४ बिटच्या डॅकला तेवढ्याने काही कमी होत नाही.

पडताळणी लॅपटॉपवरून थेट डॅकला जोडून करणाऱ्यांना फिल्टर दिसणारच नाहीत, कारण ते पायवर आहेत. स्वीप टायमिंग सिग्नलसकट वेव्ह फाइल म्हणून जतन केला, पेनड्राइव्हने पायवर नेला, आरईडब्ल्यूला ‘फाइलमधून वाजणार’ असं सांगून वाट बघत ठेवलं आणि मूडमध्ये ती फाइल वाजवली. नेहमीची सगळी साखळी अशी मोजली जाते. ४० हर्ट्झ लक्ष्यरेषेच्या दीड डेसिबलच्या आत आलं. १५८ चा खड्डा होता तसाच सोडला.

ऐकून तुलना करताना फिल्टर बंद असलेल्या प्रोफाइललाही तेच उणे ३ द्यायचे. हे केलं नाही तर फिल्टर नसलेला आवाज मोठा वाजतो, आणि मोठा वाजणारा आवाज दर वेळी जिंकतो.

एफआयआरचा, म्हणजे हजारो गुणांकांच्या (टॅपच्या) यादीने बनणाऱ्या फिल्टरचा, मोह मलाही झाला. रीफेज या सॉफ्टवेअरमध्ये ६५,५३६ टॅपचा लिनिअर फेज (सगळ्या सुरांना सारखाच उशीर देणारा) फिल्टर बनवला. टॅप एवढे लागतात, कारण ४८ किलोहर्ट्झला ४,०९६ टॅपमध्ये दोन बिंदूंमधलं अंतर ११.७ हर्ट्झ पडतं, ३.४ हर्ट्झ रुंदीचा मोड त्या जाळीतून निसटतो. पण लिनिअर फेजमध्ये अर्धे टॅप म्हणजे उशीर: ४४.१ ला ०.७४ सेकंद. चित्रपटात ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. तीक्ष्ण फिल्टरला आघाताआधीच एक हलकी कुजबुज येते ती वेगळी. तबल्याच्या ‘ना’ला ती कळते. आणि एक अस्सल फजिती: ४४.१ साठी बनवलेली फाइल ४८ च्या प्रवाहावर चालली, तर ४०.३ चा काप सरकून ४३.९ वर गेला. फुगवटा जिथल्या तिथे, शेजारी नवा खड्डा. वरच्या साध्या फिल्टरमध्ये, म्हणजे बाइक्वाडमध्ये, हा प्रश्न येत नाही, कारण कॅमिलाडीएसपी वारंवारता आणि क्यूवरून गुणांक त्या-त्या दराला स्वतः काढतं. एफआयआर फाइल प्रत्येक दराला वेगळी हवी. मोड मुळात मिनिमम फेज स्वभावाचे (पातळी सुधारली की फेजही सुधारते असे) असतात, त्यांना साधा पीकिंग फिल्टर पुरतो. मी परत त्या सात फिल्टरवर आलो.

ही मोजमापं २६ अंशांची. डिसेंबरात पहाटे खोली २१ ला असते, मेच्या दुपारी ३४ ला. ध्वनीचा वेग ३४४ वरून ३५२ होतो आणि पहिला मोड ४०.० वरून ४०.९ वर. ३.४ हर्ट्झ रुंदीच्या मोडला हे सरकणं अगदीच नगण्य नाही. मे महिन्यात ४०.३ चा काप ४०.८ वर नेलेली दुसरी प्रोफाइल जतन केली आहे. बाकीचे फिल्टर तेच.